दुखण्यांतले दूरचे सोबती

महाबळेश्वरच्या डोंगरांतून उतरून आमच्या पोलादपुरावरून, आणि पुढें महाडावरून, बाणकोटच्या खाडीकडे जाणाऱ्या नदीचें नांव सावित्री. तिच्या कांठीं लहानाचे मोठे झालेल्या आम्हां मंडळींना या नांवाचें कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु घरांत जिवावरचें दुखणें शिरलें, म्हणजे रोजच्या ओळखीचीं नांवेंहि निराळीं दिसूं लागतात.

वटपौर्णिमेला घरोघर सांगितली जाणारी सावित्रीची कथा महाभारताच्या वनपर्वांत आहे. त्या कथेंतील सावित्रीची निष्ठा आपण सारे जाणतों. परंतु तिच्यांतला एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. यमधर्म सत्यवानाचे प्राण घेऊन निघाला, तेव्हां ती त्याच्यामागून चालूं लागली व त्यास म्हणाली कीं, सात पावलें बरोबर चालल्यानें मैत्री होते असें जाणते सांगतात, त्या मैत्रीच्या नात्यानें मी कांहीं बोलतें तें ऐकून घ्या. म्हणजे त्या रानांत, पतीचा देह मागें ठेवून निघालेल्या त्या स्त्रीनें आधीं बोलावयास एक सोबती जोडला. तो सोबती प्रत्यक्ष मृत्यूचा देव होता, ही गोष्ट वेगळी!

सावित्रीच आजारी पडली, तर सत्यवानानें काय करावें, हें सांगणारी कथा मात्र माझ्या वाचनांत नाहीं. २०२१ सालच्या जानेवारींत तो प्रसंग माझ्यावर आला. त्या वर्षीं मला जें शिकावें लागलें, तें आपल्यासारख्या भरल्या घरांतून राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटतें, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

माझ्या पत्नीच्या छातींत गांठ लागली. महाडच्या डॉक्टरांनीं तपासून, वेळ न दवडतां मुंबईस जा, असें सांगितलें. आणि मुंबईस निदान झालें कीं, गांठ कर्करोगाची आहे. आमचें घर मोठें. आई, दादा, वहिनी, आम्ही उभयतां आणि दोन्हीकडचीं मुलें मिळून एका चुलीवर जेवणारीं दहा माणसें. अशा घरांत आजाऱ्याची आबाळ होत नाहीं, हें खरें. वहिनींनीं सारा स्वयंपाक आपल्याकडे घेतला, दादांनीं पैशाची तजवीज केली, आईनें जपाची माळ हातीं घेतली. माझ्याकडे उरलीं तीं दोन कामें : पत्नीस मुंबईस नेणें-आणणें आणि धीर न सोडणें. यांतलें पहिलें कष्टाचें होतें. दुसरें मला मुळींच साधत नव्हतें.

पोलादपुराहून परळ १७५ किलोमीटरांहून अधिक लांब. महामार्गाचें काम वर्षानुवर्षें चाललेलें. तेव्हां पहांटे तीनला निघावें, तर सकाळीं कोठें रुग्णालयाच्या दारांत पोंचावें. परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधींतून तें उभें राहिलें. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्या वर्षीं दोराबजींनीं त्यांच्या नांवानें या रोगाच्या संशोधनासाठीं निधि स्थापिला आणि त्याच वर्षीं तेहि गेले. एवढ्या धनवान् गृहस्थासहि आपली पत्नी वांचवितां आली नाहीं, आणि तरीहि त्या घराण्याच्या दानांतून लाखों परक्यांच्या बायकामुलांस औषध मिळालें, हें मला पुढें वाचून कळलें. पहिल्या दिवशीं मात्र मी त्या बांकावर हातांत कागदांची पिशवी घेऊन सुन्न बसलों होतों.

शेजारीं वऱ्हाडाकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याहि पत्नीस तोच विकार होता, परंतु आमच्याहून पुष्कळ पुढें गेलेला. त्यांच्या मांडीवर एक शाळकरी वही होती. मजकडे थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "भाऊ, पहिलीच खेप दिसते तुमची?" मीं मान हलविली. त्यांनीं वही उघडून माझ्यापुढें धरली. केमोच्या प्रत्येक सलाईनची तारीख, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचा सकाळ-संध्याकाळचा ताप, काय खाल्लें, किती झोंप लागली, डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न, असें सारें त्यांत होतें. एका वाक्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. तें वाक्य त्यांनीं मला उतरून घ्यावयास लावलें. त्याचा मतलब असा : सलाईननंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्तांतल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात व अंगांत रोगाशीं झगडण्याचें बळ राहत नाहीं, म्हणून त्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर घरगुती उपचार करीत न बसतां ताबडतोब रुग्णालय गांठावें.

मीं उतरून घेतल्यावर त्यांनीं विचारलें, "आणि तुम्ही स्वतः जेवलांत का?"

निदान झाल्यापासून हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. घरच्यांचें लक्ष नव्हतें असें नाहीं. सगळ्यांचें लक्ष जिच्याकडे असावयास हवें, तिच्याकडेच होतें. आम्हीं एकमेकांचे फोनचे क्रमांक घेतले. त्यानंतर आजतागायत आमची पुन्हां भेट झालेली नाहीं.

मार्चमध्यें शस्त्रक्रिया झाली. एप्रिलच्या १९ तारखेस पहिली केमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनीं एक, अशा सहा व्हावयाच्या होत्या. तेव्हां कोरोनाची दुसरी लाट ऐन भरांत होती. रुग्णाबरोबर एकाहून अधिक माणसास आंत जातां येत नसे. एरवीं ज्या आप्तेष्टांनीं ओटी भरून गेली असती, त्यांनीं लांबूनच चौकशी करणें शहाणपणाचें होतें. घरांतल्या घरांतहि मुलांना तिच्या खोलीपासून दूर ठेवावें लागे. अशा त्या दिवसांत रात्रीं नऊ वाजले कीं, मी पडवींत जाऊन बसे आणि वऱ्हाडांतून फोन येई.

आम्ही काय बोलत होतों? विशेष कांहींच नाहीं. तोंड आल्यावर तिखट चालत नाहीं, तर मेतकूट-भात जातो का, पेज कोमट बरी कीं गार, केंस गळूं लागले तेव्हां त्यांच्या घरीं काय केलें, अशा गोष्टी. पण मधूनच मी म्हणून जाई, "मला फार भीति वाटते." आणि पलीकडून उत्तर येई, "मलाहि वाटते." एवढ्यानें त्या रात्रीं झोंप लागे.

हें वाक्य मला घरांत कां बोलतां येत नव्हतें, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. आईपुढें बोलावें, तर तिच्या वयाला तें सोसेल काय? दादांपुढें बोलावें, तर धाकट्या भावानें रडत बसावें काय? मुलांपुढें तर प्रश्नच नाहीं. आणि जिच्या जिवावर बेतलें होतें, तिला तर मी रोज हंसून "सर्व ठीक होईल" असें सांगत होतों. तीहि मला तेंच सांगत होती. आईहि वहिनींना तेंच सांगत होती. दहा माणसांच्या घरांत दहाहि जणांनीं आपापली भीति एकमेकांपासून लपविली होती, आणि तीहि प्रेमानेंच. एकत्र कुटुंबाचें सामर्थ्य मोठें आहे; परंतु ज्यांना आपण जपतों, त्यांच्यापुढें मन मोकळें करणें सर्वांत अवघड, ही त्याची दुसरी बाजू आहे. दूरच्या सोबत्याला आपणांस जपावें लागत नाहीं, म्हणून त्याच्यापुढें खरें बोलवतें.

पत्नीला त्या दिवसांत वाचवत नसे. तिच्या सांगण्यावरून मी दुपारीं तिला डॉ. आनंदीबाई जोशी यांचें काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें चरित्र वाचून दाखवीत असें. शाळेपासून ऐकलेलीच ती हकीकत. परंतु या खेपेस तिच्यांतील एका बाईकडे आमचें नव्यानें लक्ष गेलें. तिचें नांव थिओडिशिया कार्पेंटर.

आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव डाकखात्यांत नोकरीस होते. कल्याण, अलीबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, असा त्यांचा फिरता संसार. कोल्हापुरास असतां त्यांनीं पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेंत कांहीं सोय होईल काय, म्हणून एका मिशनऱ्याशीं पत्रव्यवहार केला, व तो तिकडील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल येथें राहणाऱ्या या कार्पेंटरबाई १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथें पडलेलें तें मासिक सहज त्यांच्या हातीं आलें. त्यांनीं एका अनोळखी हिंदु मुलीस पत्र लिहिलें, आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. "पहा, वैद्याच्या दारांत वाट पाहतांनाच ओळख झाली. तुमचीहि तशीच," असें माझी पत्नी म्हणाली. तेव्हां मीं तें वाक्य थट्टेवारी नेलें.

पुढें आगबोटीनें पत्र जावयास व उत्तर यावयास महिने लागत. तरीहि आनंदीबाईंनीं आपल्या मनांतलें कितीतरी या कधीं न पाहिलेल्या बाईस लिहिलें. तिला त्या मावशी म्हणत. बंगालच्या वास्तव्यांत आनंदीबाईंची प्रकृति खालावली. डोकें दुखे, बारीक ताप येई, धाप लागे. तेव्हां कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. त्यांचा गुण आला नाहीं. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यू यॉर्कला पोंचल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीस उतरून घ्यावयास याच मावशी आल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयानें त्यांना पदवी दिली. गोपाळरावहि तोंवर अमेरिकेंत येऊन पोंचले होते व त्या समारंभास हजर होते. पण क्षयानें तोंपर्यंत घर केलें होतें. रॉबर्ट कॉखनें क्षयाचे जंतु शोधल्याचें जाहीर केलें तें १८८२ सालीं. त्यांना मारणारें स्ट्रेप्टोमायसीन यावयास १९४३ साल उजाडावें लागलें. या दोहोंच्या मधल्या काळांत जो आजारी पडे, त्याच्यासाठीं हवापालट, पथ्य आणि शुश्रूषा यांखेरीज वैद्यकाजवळ फारसें कांहीं नव्हतें. कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूक मिळालेल्या आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्यें पतीबरोबर मुंबईस उतरल्या त्या अंथरुणाला खिळण्यासाठींच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

गोपाळराव स्वभावानें तऱ्हेवाईक व हट्टी. आपल्या पत्नीस त्यांनीं शिकविलें तसेंच छळलेंहि. स्वतः आनंदीबाईंनींच पत्रांतून तें त्यांना लिहिलें आहे. त्यांची तरफदारी करण्याची माझी इच्छा नाहीं. परंतु पत्नी गेल्यावर त्यांनीं एक गोष्ट केली. तिची रक्षा त्यांनीं सातासमुद्रांपलीकडे कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्या बाईनें ती हडसन नदीकांठच्या पकिप्सी गांवीं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. तेथें आनंदीबाईंच्या नांवाची शिळा आजहि उभी आहे. आयुष्यभर लोकांशीं भांडत आलेल्या त्या माणसालाहि, आपलें दुःख नेमकें कोणास समजेल, हें ठाऊक होतें. तें माणूस घरचें नव्हतें, जातीचें नव्हतें, देशाचेंहि नव्हतें.

हा भाग वाचून झाला त्या दिवशीं पत्नी पुष्कळ वेळ गप्प होती. मी पुस्तक मिटलें आणि नेहमींप्रमाणें म्हणालों, "तेव्हां औषध नव्हतें, आतां आहे." तिनें उत्तर दिलें नाहीं.

पांचवी सलाईन १२ जुलैस झाली. २२ जुलै हा दहावा दिवस, म्हणजे वहींत दोन रेघा ओढलेल्या दिवसांतला. त्या दिवशींच्या पावसाविषयीं या भागांतील वाचकांस कांहीं सांगावयास नको. महाड शहर पाण्याखालीं गेलें. तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. आमच्या पोलादपूर तालुक्यांतहि दरडींखालीं माणसें गाडलीं गेलीं. महाडचा रस्ता बंद, महाबळेश्वरचा आंबेनळी घाट बंद, वीज गेलेली, फोन मुके. संध्याकाळीं पत्नीचें अंग कोमट लागलें. ताप पाहिला, ९९.६. दोन तासांनीं पुन्हां पाहिला, १००.

नऊ वाजले. मी संवयीनें पडवींत गेलों आणि तो मुका फोन हातांत घेऊन उभा राहिलों. तो आणखी चार दशांश चढला, तर मी काय करणार होतों? कोठल्या रस्त्यानें जाणार होतों? आंतून हांक आली. गेलों, तर कंदिलाच्या उजेडांत ती उठून बसली होती.

"रोज नऊला पडवींत तुम्ही काय बोलतां, तें मला इथं ऐकूं येतं," ती म्हणाली. "आज फोन नाहीं. मग आज माझ्याशीं बोला."

मी म्हणालों, "काय बोलूं?"

"त्यांना सांगतां तेंच. भीति वाटते म्हणून."

लग्नाला अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं. त्या रात्रीं प्रथमच आम्ही दोघें एकमेकांशीं खोटें न बोलतां बसलों. तिनें मला विचारलें कीं, मी गेलें तर धाकटीच्या शिक्षणाचें काय करणार. मीं सांगितलें. तिनें त्यांत दोन दुरुस्त्या सुचविल्या. आनंदीबाईंचें चरित्र ऐकतांना आपल्या मनांत काय येत होतें, तेंहि तिनें सांगितलें. मध्यें मध्यें मी वहींतले प्रश्न विचारीत होतों : थंडी वाजते का, लघवी झाली का, पाणी किती प्यालीस? दर तासाला ताप लिहीत होतों. रात्रीं दोनला तो १००.२ झाला. पहांटे ९९.४ वर आला. बाहेर नदीचा आवाज चाललाच होता.

फोन पुन्हां बोलूं लागला तो कांहीं दिवसांनीं, आणि पहिली घंटा वऱ्हाडांतून आली. ते रोज तीन वेळां फोन फिरवीत होते. वर्तमानपत्रांत महाडचीं छायाचित्रें पाहून त्यांच्या आजारी पत्नीनें त्यांच्यापाशीं धोसरा लावला होता कीं, "त्या पोलादपूरवाल्या ताईंचा ताप किती, तें आधीं विचारा." स्वतः मरणाच्या दारांत असलेली बाई!

ती बाई त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गेली. त्या संध्याकाळीं त्यांचा फोन आला तेव्हां मला एक शब्द सुचेना. "धीर धरा" हे शब्द ओठांवर येऊन परत गेले, कारण त्यांनीं मला ते कधींहि सांगितले नव्हते. मीं एवढेंच विचारलें, "तुम्ही जेवलांत का?" ते म्हणाले, "नाहीं." आणि मग पुष्कळ वेळ आम्ही दोघेहि फोन कानाला लावून बसून राहिलों. दुसऱ्या दिवशीं नऊ वाजतां मीं फोन केला. तिसऱ्या दिवशींहि केला.

असो. या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. ज्या घरांत मोठें दुखणें आहे, तेथें फळें घेऊन जाणारे पुष्कळ असतात. पण शुश्रूषा करणाऱ्याची विचारपूस करणारा विरळा. ती आपण करावी. चौकशी एकदां भरभरून करण्यापेक्षां थोडीशी पण ठरल्या वेळीं, नेमानें करावी; आजाऱ्याच्या माणसाला त्या ठरल्या वेळेचाच आधार असतो. "कांहीं होणार नाहीं" असें आपल्या हातांत नसलेलें आश्वासन देऊं नये. औषधांविषयीं अनुभव सांगावा, परंतु औषध बदलण्याचा सल्ला देऊं नये. तें डॉक्टरांचें काम. कार्पेंटरबाईंचीं औषधें वायां गेलीं. त्यांचीं पत्रें वायां गेलीं नाहींत. आणि ज्यांच्यावर हा प्रसंग आला असेल, त्यांना माझें सांगणें असें कीं, मन मोकळें करावयास एक दूरचा सोबती अवश्य जोडावा; परंतु तेथें जें बोलावयास शिकलों, तें आपल्या माणसापाशीं नेऊन पोंचवावें. मला त्यासाठीं महापूर यावा लागला. वाचकांवर तशी वेळ न येवो.

माझ्या पत्नीचा उपचार पुरा झाला. वर्षाकांठीं तपासणीस परळला जावें लागतें, आणि दर खेपेस निकाल हातीं येईपर्यंत आम्हां दोघांनाहि भीति वाटते. ती आम्ही आतां एकमेकांना सांगतों. वऱ्हाडांतला फोन अजूनहि आठवड्यांतून एकदां रात्रीं नऊला येतो. मात्र हल्लीं तो मी उचलीत नाहीं. तो आधीं माझी पत्नी घेते, आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, जेवलांत का?"